भूमिकाक्रीडेतील सूत्रधारपद आणि स्त्रिया

१. विषय आणि प्रश्न

इ. स. १९७४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या लहानशा गावी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नावाच्या तीन पुस्तिका एका पेटीतून विक्रीस आल्या. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन हे त्यांचे कर्ते. पहिली आवृत्ती अवघ्या एक हजार प्रतींची होती. ह्या पुस्तिकांनी ज्या क्रीडाप्रकाराचा पाया घातला, त्यास पुढे 'रोल-प्लेइंग गेम' हे नाव पडले. प्रस्तुत निबंधात त्याकरिता 'भूमिकाक्रीडा' हा शब्द योजिला आहे. मेजाभोवती पाचसहा माणसे बसतात. त्यांपैकी प्रत्येक जण एकेका कल्पित पात्राची भूमिका घेतो आणि ते पात्र काय करते ते तोंडाने सांगतो. एक व्यक्ती मात्र असे पात्र घेत नाही. समोरचा दरवाजा उघडला असता आत काय दिसते, शत्रू किती आहेत, वाटेत भेटलेला म्हातारा खरे बोलतो की खोटे, आणि फाशांचे दान पडल्यावर त्याचा अर्थ काय, हे सारे ती एकटी ठरविते. निरनिराळ्या नियमग्रंथांत ह्या व्यक्तीस पंच, न्यायाधीश, 'डंजन मास्टर', 'गेम मास्टर' अशी नावे आहेत. मराठीत तिला 'सूत्रधार' म्हणणे सोयीचे आहे. मात्र संस्कृत नाटकातील सूत्रधारापुढे नाटककाराची संहिता असते. ह्या सूत्रधारापुढे एखादा नकाशा, काही टिपणे आणि खेळाडूंच्या मनात ऐन वेळी येणारे बेत एवढेच असते, हा भेद ध्यानात ठेविला पाहिजे.

ह्या क्रीडेच्या इतिहासात स्त्रियांचे स्थान कोणते, हा प्रश्न बहुधा खेळाडूंची संख्या मोजून सोडविला जातो. प्रारंभी स्त्रिया फार थोड्या होत्या, पुढे त्या वाढल्या, आणि २०२० च्या सुमारास प्रकाशक कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवर गेले, असा हा वृत्तान्त असतो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. मेजाभोवतीची सर्व आसने समान दर्जाची नसतात. त्यांपैकी एका आसनावर बसणाऱ्याचा शब्द अखेरचा असतो. तेव्हा ह्या आसनावर स्त्रिया केव्हा व कोणत्या मार्गाने आल्या, आणि त्यांच्या येण्याने त्या आसनाच्या अधिकारात काही पालट झाला काय, असा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

ह्या प्रश्नाच्या वाटेत साधनांची एक अडचण आहे. सूत्रधाराचे काम बोलण्यातून होते आणि बोलण्याबरोबरच संपते. चार तास चाललेल्या खेळातून मागे उरतो तो फार तर चुरगळलेला नकाशा. इतिहासकाराच्या हाती लागतात त्या छापील पुस्तिका, हौशी नियतकालिके आणि वाचकांची पत्रे. अर्थात ज्या स्त्रियांनी लिहिले किंवा छापले त्यांचीच नावे शिल्लक राहिली; ज्यांनी केवळ खेळ चालविला त्यांची राहिली नाहीत. पुढील विवेचन ह्या मर्यादेतच वाचले जावे.

२. पंचपदाचा सैनिकी उगम

सूत्रधाराचे पद कल्पनारम्य कथांतून आलेले नाही. ते प्रशियाच्या सैन्यातून आलेले आहे. गेओर्ग फॉन राइसविट्झ ह्या तोफखान्यातील तरुण अधिकाऱ्याने आपल्या वडिलांची मूळ कल्पना सुधारून १८२४ मध्ये 'क्रीग्सश्पील', म्हणजे युद्धक्रीडा, हिचे नियम प्रसिद्ध केले. तीत दोन्ही पक्ष आपापले हुकूम लिहून एका मध्यस्थाच्या स्वाधीन करीत. ज्या पक्षाला शत्रूचे जेवढे दळ प्रत्यक्षात दिसू शकले असते तेवढेच तो मध्यस्थ नकाशावर मांडी, आणि फासे व कोष्टके ह्यांच्या आधारे हानीचा निर्णय देई. राइसविट्झने ह्या मध्यस्थासाठी वापरलेल्या जर्मन शब्दाचा अर्थ 'विश्वासातला माणूस' असा होतो. सर्व गुप्त माहिती एकाच व्यक्तीजवळ असणे आणि उभय पक्षांनी तिच्यावर विश्वास ठेवणे, ही सूत्रधारपदाची दोन मूळ लक्षणे येथेच सिद्ध झालेली दिसतात.

१८७६ मध्ये युलिउस फॉन व्हेर्दी द्यू व्हेर्नुआ ह्या प्रशियन सेनानीने ह्या क्रीडेत एक महत्त्वाचा बदल सुचविला. कोष्टके व फासे ह्यांनी खेळ मंदावतो. त्यापेक्षा अनुभवी पंचाने स्वतःच्या विवेकानेच निर्णय द्यावा, असे त्याचे प्रतिपादन होते. नियमनिष्ठ पंच आणि विवेकनिष्ठ पंच ह्यांच्यातील हा वाद पुढे शंभर वर्षांनी भूमिकाक्रीडेतही उद्भवला. विवेकाची बाजू प्रथम मांडणारा एक सेनानी होता, ही गोष्ट पुढील विवेचनात उपयोगी पडणारी आहे.

ही परंपरा अमेरिकेत पोहोचली ती चार्ल्स टॉटन ह्या अधिकाऱ्याच्या 'स्ट्रॅटेगॉस' (१८८०) ह्या ग्रंथाच्या द्वारे. तो ग्रंथ मिनेसोटातील डेव्हिड वेस्ली ह्या तरुणाच्या हाती पडला. त्याने १९६९ मध्ये 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ चालविला आणि त्यात प्रत्येक खेळाडूस सैन्याऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. त्याच मंडळीतील आर्नेसन ह्यांनी १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' ह्या कल्पित प्रदेशातील खेळ सुरू केला, आणि त्यातूनच १९७४ च्या पुस्तिकांचा मार्ग मोकळा झाला.

ह्या वंशावळीत स्त्रियांचा उल्लेख येत नाही, आणि त्याचे कारण उघड आहे. जे पद अधिकाऱ्यांच्या शिक्षणातून निर्माण झाले ते ज्यांना अधिकारीपदाची दारेच बंद होती त्यांच्याकडे जाणे शक्य नव्हते. हौशी युद्धक्रीडेतही वृत्ती फारशी निराळी नव्हती. एच. जी. वेल्स ह्यांनी १९१३ मध्ये खेळण्यातील शिपायांच्या लढाईवर 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिले. त्याच्या लांबलचक उपशीर्षकात हा खेळ बारापासून दीडशे वर्षांपर्यंतच्या मुलग्यांसाठी असल्याचे विनोदाने सांगितले आहे आणि मुलींपैकी फक्त मुलग्यांचे खेळ व पुस्तके आवडणाऱ्या हुशार मुलींना त्यात जागा दिली आहे. विनोद हा विनोद म्हणूनच घ्यावयाचा. तथापि दाराशी कोण उभे आहे आणि कोणाला अपवाद म्हणून आत घेतले जात आहे, हे त्यातून स्पष्ट कळते.

३. दोन पूर्वोदाहरणे

उपर्युक्त वंशावळीबाहेर मात्र अशी दोन उदाहरणे आढळतात की ज्यांत सूत्रधाराचे कार्य स्त्रियांनी केले होते. त्यांचा १९७४ च्या खेळाशी थेट संबंध जोडता येत नाही. त्यांचे महत्त्व निराळे आहे: स्त्रियांचा अभाव हा स्वभावाचा नसून प्रवेशाचा प्रश्न होता, हे त्यांवरून दिसते.

पहिले उदाहरण इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यातील हॉवर्थ गावच्या ब्राँटे भावंडांचे. १८२६ च्या जूनमध्ये पाद्री पॅट्रिक ब्राँटे ह्यांनी लीड्सहून आपल्या मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. शार्लट, ब्रॅनवेल, एमिली व ॲन ह्या चौघांनी ते वाटून घेतले, त्यांना नावे दिली आणि त्यांच्यासाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावर 'ग्लास टाउन' नावाचे एक राज्य कल्पिले. हे खेळत असता चारही भावंडांनी आपणांस त्या राज्यावर सत्ता चालविणाऱ्या चार अतिमानुष शक्तींचे रूप दिले. मेलेल्या शिपायाला जिवंत करण्याचा अधिकारही त्यांच्याकडे असे. पात्रांच्या जगाबाहेर राहून त्या जगाचे नियम चालविणारी ही शक्ती म्हणजे सूत्रधारपदाचेच बालरूप होय, आणि येथे त्या पदाचे चार धारक असून त्यांपैकी तिघी मुली होत्या. १८३१ च्या सुमारास एमिली व ॲन ह्या दोघी वेगळ्या झाल्या व त्यांनी 'गाँडाल' हे स्वतंत्र राज्य निर्माण केले. हा केवळ बालिश खेळ नव्हता. १८४५ च्या उन्हाळ्यात त्या दोघी यॉर्कच्या प्रवासास गेल्या तेव्हा एमिली सव्वीस वर्षांची होती, आणि तरीही वाटेत त्या गाँडालमधील पात्रांच्या भूमिका घेत होत्या, अशी नोंद एमिलीने स्वतः केली आहे.

दुसरे उदाहरण दुसऱ्या महायुद्धातील. अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुड्यांनी ब्रिटिश व्यापारी जहाजांचा संहार मांडला असता १९४२ च्या जानेवारीत लिव्हरपूल येथे कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स ह्यांच्या हाताखाली 'वेस्टर्न ॲप्रोचेस टॅक्टिकल युनिट' हे पथक स्थापन झाले. त्याचा कर्मचारिवर्ग मुख्यतः नौदलाच्या स्त्रीशाखेतील तरुणींचा होता. एका मोठ्या खोलीच्या जमिनीवर चौकटी आखून समुद्र कल्पिलेला असे. शिकण्यास आलेले अधिकारी पडद्यांच्या आड बसत आणि फटीतून फक्त तेवढाच भाग पाहत की जो त्यांना जहाजावरून दिसला असता. जमिनीवर खडूने जहाजांचे व पाणबुड्यांचे मार्ग रेखाटणे, अधिकाऱ्यांच्या हुकुमांची नोंद घेणे आणि शत्रूच्या हालचाली चालविणे हे काम ह्या तरुणी करीत. पाणबुड्यांचे मार्ग अशा हिरव्या खडूने काढलेले असत की ते फटीतून पाहणाऱ्यास दिसू नयेत. अर्थात एका वेळी दोन्ही पक्षांची संपूर्ण माहिती रॉबर्ट्स ह्यांच्याइतकीच त्यांनाही असे.

पथकातील जीन लेडलॉ ह्यांचा डावपेचांच्या संशोधनात प्रत्यक्ष भाग होता. जर्मन पाणबुड्यांवरील प्रतिहल्ल्याच्या एका नव्या पद्धतीस 'रास्पबेरी' हे थट्टेचे नाव त्यांनीच दिले. ॲडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पूर्वी पाणबुडीचे अधिकारी होते. त्यांनी ह्या पथकात येऊन पाणबुडीची बाजू घेतली, तेव्हा जॅनेट ओकेल ह्या विशीतील तरुणीने त्यांना वारंवार बुडविले, ही हकीकत त्या पथकाच्या इतिहासात नमूद आहे. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच हजार अधिकाऱ्यांनी येथे शिक्षण घेतले. अखेरचा निर्णय व व्याख्यान रॉबर्ट्स ह्यांचे असे हे खरे. तथापि ज्या क्रीडेच्या निकालावर खऱ्या जहाजांचे भवितव्य अवलंबून होते तिची सूत्रे दैनंदिन व्यवहारात स्त्रियांच्या हाती होती. युद्धानंतर पथक मोडले, आणि ह्या स्त्रियांची नावे अनेक दशके सामान्य वाचकांस अज्ञात राहिली. काम झाले, पण पद नोंदले गेले नाही, असा हा प्रकार होय.

४. नियमग्रंथांतील स्त्री

१९७४ नंतरचा वृत्तान्त पाहता एक विसंगती प्रथमच नजरेस येते. १९७२ मध्ये गायगॅक्स ह्यांनी आपल्या घरी नव्या खेळाची पहिली चाचणी घेतली तेव्हा खेळण्यास बसलेल्या दोन मुलांपैकी एक त्यांची कन्या एलिझ ही होती. म्हणजे मेजाशी स्त्री आरंभापासूनच होती. नियमांच्या भाषेत मात्र ती नव्हती. मूळ पुस्तिकांत वाचक पुरुषच असणार असे गृहीत धरले आहे.

ही अनुपस्थिती भरून काढण्याचा पहिला ठळक प्रयत्न मूळच्या मौनापेक्षाही अधिक बोलका ठरला. १९७६ च्या ऑक्टोबरमध्ये 'द ड्रॅगन' मासिकाच्या तिसऱ्या अंकात लेन लाकोफ्का ह्यांनी स्त्रीपात्रांसाठी स्वतंत्र नियम सुचविले. त्यांत स्त्री योद्ध्यांचे बळ पुरुषांहून कमी ठेवून व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाच्या जागी सौंदर्याची गणना केली होती, आणि पुरुषांना मोहविण्याच्या विद्या स्त्रियांस बहाल केल्या होत्या. वाचकांकडून ह्यावर टीका झाली. परंतु दोन वर्षांनी, १९७८ मध्ये, निघालेल्या 'प्लेअर्स हँडबुक' ह्या अधिकृत ग्रंथातही बळाची लिंगभेदावर आधारलेली मर्यादा कायम राहिली. मानवी योद्ध्याचे बळ अठरा ह्या कमाल अंकावर पोहोचल्यास त्यापुढे शंभरांपर्यंतची एक वाढीव श्रेणी असे. पुरुषास ती पूर्ण शंभरांपर्यंत खुली होती, स्त्रीस पन्नासांवर थांबावे लागे. १९७९ मध्ये केवळ सूत्रधारासाठी लिहिलेल्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये नगरातील आकस्मिक भेटींसाठी वेश्यांचे प्रकार ठरविणारे एक कोष्टक आहे. मेजाच्या शीर्षस्थानी कोण बसलेले असेल ह्याविषयी ग्रंथकर्त्याची कल्पना काय होती, हे त्या कोष्टकावरून सहज अनुमानता येते.

तथापि येथेच सूत्रधारपदाचे खरे महत्त्व प्रकट होते. ह्याच नियमग्रंथांनी सूत्रधारास नियम बदलण्याची, वगळण्याची व नवे करण्याची मुभा दिली होती; १९७४ च्या पुस्तिकांत तर तसे करण्यास उत्तेजनच होते. म्हणजे बळाची मर्यादा ज्या ग्रंथात लिहिली होती त्याच ग्रंथाने ती रद्द करण्याचा अधिकार एका आसनास बहाल केला होता. खेळणाऱ्या स्त्रीस तक्रार करावी लागे, पत्र लिहावे लागे, किंवा सुधारित आवृत्तीची वाट पाहावी लागे. सूत्रधार असलेल्या स्त्रीस तो नियम आपल्या मेजावर लागू नाही एवढे सांगणे पुरे होते. अधिकृत आवृत्तीतून ही मर्यादा १९८९ मध्ये गेली. किती मेजांवरून ती त्यापूर्वीच गेली होती हे छापील साधनांतून मोजता येत नाही. परंतु ती घालविण्याचे साधन कोणाच्या हाती होते हे निश्चित सांगता येते. ह्यास्तव सूत्रधाराच्या आसनावर स्त्री असणे हा केवळ प्रतिनिधित्वाचा प्रश्न नव्हता. तो कायदा करण्याच्या अधिकाराचा प्रश्न होता.

५. पत्र, भाष्य आणि पुस्तिका

मेजावरील अधिकार लिखित रूपात आणणाऱ्या पहिल्या स्त्रियांत लॉस एंजेलिस येथील ली गोल्ड ह्यांचे नाव अग्रगण्य आहे. तेथील विज्ञानकथाप्रेमी मंडळाच्या साप्ताहिक हस्तप्रसारित अंकात नव्या खेळाची चर्चा इतकी वाढली की इतर विषयांस जागा उरेना. तेव्हा १९७५ च्या जूनमध्ये गोल्ड ह्यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे स्वतंत्र मासिक काढले. एलिझाबेथकालीन नाटकांत रंगभूमीवरील युद्धकोलाहलाची जी सूचना छापलेली असे तिच्यावरून हे नाव घेतले आहे. प्रत्येक लेखकाने आपली पाने स्वतः तयार करून पाठवावयाची आणि संपादिकेने ती एकत्र बांधून सर्वांस धाडावयाची, अशी त्याची पद्धती होती. सूत्रधारांनी आपल्या खेळांचे वृत्तान्त लिहावे, इतरांनी त्यांवर पुढील महिन्यात टीका करावी, नवे नियम सुचवावे, जुने मोडून काढावे, असा हा अखंड पत्रव्यवहार होता. दुसऱ्याच अंकात खुद्द गायगॅक्स ह्यांचे पत्र आले. जोनथन ट्वीट, मार्क राइन-हेगन व रॉबिन लॉज ह्यांसारखे पुढील पिढीतील रचनाकार ह्याच पानांतून लिहिते झाले. सुमारे अर्धशतक गोल्ड ह्यांनी हे मासिक चालविले. एका दृष्टीने पाहता हे सूत्रधारांचे मेज होते, आणि त्याच्या शीर्षस्थानी एक स्त्री होती.

दुसरे नाव जीन वेल्स ह्यांचे. लेक जिनिव्हा येथील प्रकाशनसंस्थेच्या रचनाविभागात १९७९ मध्ये घेतल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरपासून 'ड्रॅगन' मासिकात त्यांनी नियमांविषयीच्या शंकांना उत्तरे देणारे 'सेज ॲडव्हाइस' हे सदर सुरू केले. धर्मशास्त्रात सूत्रापेक्षा भाष्यकाराचा शब्द व्यवहारात अधिक चालतो, हे अभ्यासकांस परिचित आहे. देशभरातील सूत्रधार आपल्या मेजावरील तंटे ह्या सदराकडे पाठवीत. म्हणजे ज्या ग्रंथांनी सूत्रधार पुरुष मानला होता त्यांचे अधिकृत भाष्य काही काळ एका स्त्रीच्या लेखणीतून होत होते. १९८० च्या जुलैमध्ये वेल्स ह्यांनी किम मोहन ह्या सहकाऱ्यासमवेत ह्या क्रीडेतील स्त्रियांच्या समानतेवर लेख लिहिला आणि खेळणाऱ्या स्त्रियांच्या तक्रारी प्रथमच ठळकपणे मासिकाच्या पानांवर आणल्या.

ह्याच वेल्स ह्यांच्या बाबतीत भाष्यकाराच्या अधिकाराची मर्यादाही दिसून आली. १९८१ मध्ये त्यांची 'पॅलेस ऑफ द सिल्व्हर प्रिन्सेस' ही नवशिक्यांसाठीची साहसपुस्तिका छापून झाली. पण तीतील काही चित्रांवरून संस्थेत आक्षेप निघाला आणि प्रती परत मागवून नष्ट करण्यात आल्या. त्यानंतर टॉम मोल्ड्वे ह्यांनी पुनर्लेखन केलेली आवृत्ती निघाली. तीवर दोघांची नावे होती. वाचलेल्या मूळ प्रती संग्राहकांत दुर्मिळ व मौल्यवान ठरल्या, आणि पुढे मूळ आवृत्ती प्रकाशकांनीच इंटरनेटवर खुली केली. आक्षेप चित्रांवर होता. परंतु बदलला गेला तो लेखिकेचा मजकूरही, ही गोष्ट लक्षणीय आहे. मेजावर ज्याचा शब्द अखेरचा त्याचाच शब्द छापखान्यात अखेरचा असतो असे नाही.

ह्याच्या उलट बाजूचे उदाहरणही त्याच संस्थेच्या इतिहासात आहे. १९८५ मध्ये लोरेन विल्यम्स ह्यांच्याकडे त्या संस्थेची मालकी आली व १९९७ मधील विक्रीपर्यंत ती त्यांच्याकडे राहिली. संस्थेची मालकी स्त्रीकडे होती, तरी १९८९ च्या नव्या आवृत्तीत पुल्लिंगी सर्वनाम सर्वांसाठी वापरण्याविषयी खुलासा छापावा लागलाच. मालकी आणि मेजावरील अधिकार ह्या दोन भिन्न गोष्टी होत, हे ह्यावरून ध्यानात येते.

लिखित पुस्तिकेच्या द्वारे इतरांच्या मेजांवर पोहोचलेल्या स्त्रियांत लॉरा हिकमन ह्यांचाही निर्देश आवश्यक आहे. पती ट्रेसी ह्यांच्यासह त्यांनी रचलेली 'रेव्हनलॉफ्ट' ही साहसपुस्तिका १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. प्रकाशनापूर्वी कित्येक वर्षे ते दांपत्य हा खेळ दर हॅलोवीनच्या सणास आपल्या मित्रांसमवेत खेळत असे. घरच्या मेजावरील आवर्तनांतून ग्रंथ कसा घडतो ह्याचे हे उदाहरण होय.

६. अधिकाराची वाटणी

इ. स. १९९१ मध्ये निघालेल्या 'व्हँपायर: द मास्करेड' ह्या खेळाने सूत्रधारास 'कथेकरी' अशा अर्थाचे नाव दिले, आणि त्याच्याबरोबर अनेक स्त्रिया ह्या क्रीडेकडे आल्या. नंतरच्या पिढीत अनेक स्त्रियांनी सूत्रधाराचे आसन मिळविण्यापलीकडे जाऊन त्या आसनाची रचनाच तपासली. एमिली केअर बॉस ह्यांच्या 'ब्रेकिंग द आइस' (२००५) ह्या दोघांच्या खेळात सूत्रधारच नाही. मेगी बेकर ह्यांच्या 'अ थाउजंड अँड वन नाइट्स' (२००६) ह्या खेळात राजदरबारातील पात्रे एकमेकांस गोष्टी सांगतात, आणि ज्याची गोष्ट चालू असेल तो त्या वेळेपुरता सूत्रधार होतो. ज्यूलिया बाँड एलिंगबो ह्यांनी 'स्टील अवे जॉर्डन' (२००७) मध्ये अमेरिकेतील गुलामगिरीचा विषय घेतला. एका माणसाची दुसऱ्यावरील निरंकुश सत्ता हाच जेथे विषय आहे तेथे मेजावरील सत्तेचा प्रश्न आपोआपच गंभीर होतो. ॲव्हरी आल्डर ह्यांच्या 'द क्वाएट इयर' (२०१३) मध्ये सर्व खेळाडू मिळून एका वस्तीचा नकाशा काढतात आणि कोणाही एकाजवळ गुप्त माहिती नसते. राइसविट्झने जी माहिती एका विश्वासू माणसाच्या हाती दिली होती, ती येथे सर्वांत वाटली गेली आहे.

ह्यावरून एक निष्कर्ष घाईने काढला जाण्याचा संभव आहे. पुरुषांनी नियम आणले व स्त्रियांनी कथा आणली. पुरुषांनी अधिकार गाजविला व स्त्रियांनी तो वाटला, असे ते सुलभ समीकरण होय. उपलब्ध पुरावा त्याच्या विरुद्ध जातो. कोष्टके टाकून विवेकावर भर देणारा पहिला विचारवंत प्रशियन सेनानी होता. लिव्हरपूलच्या तरुणी काटेकोर अंतरे, वेग व कोन ह्यांच्या हिशेबाने खेळ चालवीत होत्या. ली गोल्ड ह्यांनी १९८० मध्ये जपानच्या पार्श्वभूमीवर लिहिलेला 'लँड ऑफ द रायझिंग सन' हा ग्रंथ त्या काळातील अत्यंत जटिल समजल्या जाणाऱ्या नियमपद्धतीवर आधारलेला आहे. टनेल्स अँड ट्रोल्स ह्या खेळाची १९७९ ची पाचवी आवृत्ती संपादणाऱ्या लिझ डॅनफोर्थ ह्याही नियमग्रंथाच्याच शिल्पकार होत. उलटपक्षी सूत्रधाराविना खेळ रचणाऱ्यांत पुरुषही आहेत. तेव्हा फरक स्वभावाचा नसून स्थानाचा आहे. जे आसन सहजासहजी मिळाले नाही, त्याच्या अधिकाराचे मूळ काय, असा प्रश्न बाहेरून येणाऱ्यास आधी पडतो. जो त्यावर सहज बसला त्याला तो पडतोच असे नाही.

७. साधनांतील पालट

२०१५ पासून 'क्रिटिकल रोल' ह्या मंडळीने आपला खेळ इंटरनेटवरून प्रेक्षकांसमोर खेळण्यास आरंभ केला आणि अशा प्रसारणांस अफाट लोकप्रियता लाभली. इतिहासाच्या दृष्टीने ह्याचे महत्त्व करमणुकीपुरते नाही. ज्या कामाची नोंद पूर्वी उरत नसे त्याची आता संपूर्ण नोंद उरू लागली. अभिनेत्री डेबोरा ॲन वोल ह्यांनी २०१९ मध्ये 'रेलिक्स अँड रॅरिटीज' ही मालिका सूत्रधार म्हणून चालविली. आब्रिया अय्यंगार ह्यांनी २०२१ मध्ये 'एक्झँड्रिया अनलिमिटेड' ह्या मालिकेचे सूत्रधारपद सांभाळले. एखाद्या खेळाडूने अनपेक्षित कृती केली असता सूत्रधार किती वेळ थांबते, नियम सांगते की प्रश्न विचारते, फाशांचे दान प्रतिकूल पडल्यावर कथा कोठे वळविते, हे सारे आता वारंवार पाहून तपासता येते. लिव्हरपूलच्या जमिनीवरील खडूच्या रेषा पुसल्या गेल्या; ह्या रेषा राहिल्या आहेत.

तथापि येथेही सावधगिरी हवी. प्रेक्षकांसमोर खेळला जाणारा खेळ आणि घरी चार मित्रांत खेळला जाणारा खेळ एक नव्हेत. नामवंत व्यक्तींच्या चित्रित मेजांवरून असंख्य अचित्रित मेजांविषयी सिद्धान्त बांधणे म्हणजे राजांच्या ताम्रपटांवरून शेतकऱ्यांचे जीवन लिहिण्यासारखे होईल. हौशी मासिकांतील वृत्तान्त, वाचकांची पत्रे आणि वयोवृद्ध खेळाडूंच्या आठवणी ह्यांचे संकलन ही पुढील अभ्यासाची पहिली गरज आहे, आणि साक्षीदार हयात आहेत तोवरच ती भागू शकते.

८. समारोप

उपर्युक्त विवेचनाचे सार थोडक्यात असे. भूमिकाक्रीडेतील सूत्रधारपद हे सैनिकी पंचपदापासून उत्पन्न झाले, आणि त्याबरोबर ते पद पुरुषाचे असल्याचा समजही वारशाने आला. ह्या समजाबाहेर स्त्रियांनी हे कार्य पूर्वीही समर्थपणे केले होते. परंतु त्यास पदाचे नाव मिळाले नव्हते. १९७४ नंतर नियमांच्या शब्दांनी स्त्रीपात्रास कमी लेखले असले, तरी त्याच नियमांनी ते शब्द खोडण्याचा अधिकार सूत्रधारास दिला होता. म्हणून त्या आसनावर स्त्री येणे ही घटना मेजाभोवती आणखी एक स्त्री वाढण्याहून गुणतः भिन्न होती. पुढे त्याच आसनाच्या अधिकाराची चिकित्सा करून तो वाटून देण्याचे प्रयोग झाले, आणि त्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

राइसविट्झने आपल्या मध्यस्थास 'विश्वासातला माणूस' म्हटले होते. हुद्दा, गणवेश व अनुभव ही त्या विश्वासाची त्या काळची प्रमाणे होती. मेजाभोवती बसलेल्या मित्रमंडळीत ह्यांपैकी काहीही नसते. विश्वास प्रत्येक खेळात नव्याने मिळवावा लागतो, आणि अखेरचा शब्द ज्याचा त्याने तो न्यायाने वापरला की नाही हे इतर सर्व जण तत्काळ पाहतात. ह्या कसोटीत लिंगभेदास मुळात जागाच नव्हती. ती जागा नियमांनी, रूढीने व बाजाराने निर्माण केली होती, आणि ती कशी कमी होत गेली हाच ह्या विषयाच्या इतिहासाचा मुख्य धागा होय.